फोर्टच्या फूटपाथवर मिळालेला स्वतंत्र पक्षाचा गठ्ठा

हुतात्मा चौकाजवळ जुन्या पुस्तकांचे जे थोडे ठेले उरलेत, त्यातल्या एकावर मी गेली नऊ वर्षं जातेय. ठेल्याला पाटी नाही. वर निळी ताडपत्री, खाली फळ्या, पुढच्या रांगेत स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि इंग्रजी कादंबऱ्या. खरा माल मागे, पत्र्याच्या पेटीत. त्या पेटीतून मी मार्चमध्ये १,४०० रुपयांना एक गठ्ठा घेतला, राजाजींनी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, १९५९मध्ये काढलेल्या स्वतंत्र पक्षाच्या पुस्तिकांचा. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तोच वाचतेय, म्हणून हे लिहायला बसले.

आधी ठेलेवाल्या काकांची एक पद्धत सांगते, कारण माझ्या लेखी या ठेल्याला पूर्ण गुण आहेत ते तेवढ्यासाठीच. एखाद्या घरातली पुस्तकं रद्दीत आली की ते ती विषयवार लावत बसत नाहीत. ज्या घरची, त्या घरची एकत्र सुतळीनं बांधतात. मला त्या गठ्ठ्यातल्या दोनच पुस्तिका हव्या होत्या. ते म्हणाले, "ताई, गठ्ठा फोडत नाही. ज्यानं जमवलं त्यानं काहीतरी विचार करून जमवलं असणार ना?" १,८०० सांगितले, १,४०० वर सौदा ठरला. त्या वेळी महाग वाटलं होतं. आता नाही वाटत.

आत ३४ पुस्तिका निघाल्या. स्वतंत्र पक्षाची २१ तत्त्वं, १९६२ आणि १९६७चे जाहीरनामे, पक्षाचे नेते मिनू मसानी यांची लोकसभेतली भाषणं, आणि अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफांनी १९५६मध्ये मुंबईत सुरू केलेल्या, खुल्या उद्योगाची बाजू मांडणाऱ्या ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’च्या बारक्या पुस्तिका. डांबरगोळ्यांचा वास. स्टेपलच्या पिना गंजून कागदावर तांबूस डाग पडलेले. तत्त्वांच्या पुस्तिकेच्या मलपृष्ठावर मूळ मालकानं हातानं तीन ओळी लिहिल्यात: ६२ – १८, ६७ – ४४, ७१ – ८. पहिल्या दोन पेन्सिलीनं, तिसरी बॉलपेननं. लोकसभेतल्या जागा आहेत त्या. खाली १९७४च्या विलीनीकरणाच्या बातमीचं कात्रण डिंकानं चिकटवलंय, आणि डिंक आता मधासारखा पिवळा झालाय.

हा पक्ष कुणाचा, हे आज पन्नाशीच्या आतल्या बहुतेकांना सांगावं लागतं. जानेवारी १९५९मध्ये नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसनं संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. जमिनी एकत्र करून कसायच्या, ही कल्पना. ८० वर्षांचे राजाजी त्याविरुद्ध उभे राहिले. जूनमध्ये मद्रासला पक्षाची घोषणा झाली, ऑगस्टमध्ये इथे मुंबईत स्थापना अधिवेशन भरलं. आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा अध्यक्ष, मसानी सरचिटणीस. हेच मसानी १९३०च्या दशकात नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाशांबरोबर काँग्रेस समाजवादी पक्षाची आखणी करत होते! माणूस वाचून आणि बघून आपलं मत बदलतो, आणि ते चारचौघांत मान्य करतो, याचं मला फार मोल वाटतं. त्यांची भाषणं वाचताना ते जाणवत राहतं. आवाज कधी चढत नाही. आकडा, मग प्रश्न, मग पुन्हा आकडा.

‘परमिट-लायसन्स राज’, म्हणजे प्रत्येक गोष्टीला सरकारी परवाना लागणारा कारभार, हा शब्द राजाजींचा. माझ्या वडिलांच्या तोंडी तो आयुष्यभर होता. १९७३मध्ये कल्याणला आमच्या घराला एक खोली वाढवायची होती. वडिलांनी २५ पोती सिमेंटच्या परमिटसाठी अर्ज केला. एका सरकारी कचेरीत ते सात महिने खेटे घालत होते. शेवटी मिळाली दहा पोती, तीही ओल लागून गोळा झालेली. शाळेतून आले तर वडील आणि आजी अंगणात बसून पिठाच्या चाळणीनं सिमेंट चाळत होते. आजीच्या भुवया करड्या झालेल्या. जे चाळलं गेलं नाही ते आईनं तुळशीच्या कट्ट्याला वापरलं. मसानींच्या एका भाषणात ‘कोटा’ शब्दाखाली मूळ मालकानं दोनदा रेघ मारलीय. ती बघितली आणि मला ते अंगण दिसलं.

पण मी नोकरी केली ती राष्ट्रीयीकृत बँकेत, ३४ वर्षं. १९ जुलै १९६९ला १४ बँका सरकारनं घेतल्या तेव्हा या पक्षानं कडाडून विरोध केला. पक्षातल्याच आर. सी. कूपर यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, नामवंत वकील नानी पालखीवालांनी बाजू मांडली, १९७०मध्ये ते जिंकले, आणि सरकारनं लगेच नवा कायदा आणून बँका ठेवून घेतल्या. मी जिथे पहिल्यांदा रुजू झाले त्या गावात आमच्या शाखेच्या आधी बँकच नव्हती. म्हशीसाठी कर्ज घ्यायला बाया यायच्या आणि अंगठा उठवताना त्यांचा हात थरथरायचा. त्यामुळे या पुस्तिकांमधलं बँकांवरचं लिखाण मला पटत नाही, आणि परमिटवरचं शब्दन् शब्द पटतं. दोन्ही मी जगलेय. वडील असते तर यावरून आमचं अजूनही भांडण झालं असतं.

गठ्ठा तारखेप्रमाणे लावला तेव्हा मला पक्षाचा खरा आजार दिसला. हा पक्ष गावोगाव कार्यकर्ते जोडून वाढला नाही, तयार घरं आत घेऊन वाढला. बिहारात रामगढच्या राजांचा पक्ष यांच्यात आला आणि १९६२मध्ये तिथे एकदम मोठी ताकद झाली. ओडिशात संस्थानिकांची गणतंत्र परिषद १९६२मध्ये विलीन झाली. राजस्थानात जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी प्रचंड मतांनी निवडून आल्या. पहिल्याच लोकसभा निवडणुकीत १८ जागा, आणि १९६७ला ४४. लोकसभेत काँग्रेसखालोखाल सगळ्यात मोठा पक्ष! गुजरात विधानसभेत ६६ जागा, त्यामागे वल्लभ विद्यानगर उभारणारे भाईकाका पटेल. मद्रासमध्ये द्रमुकशी समझोता करून २०. ओडिशात तर आर. एन. सिंगदेव मुख्यमंत्रीच झाले. पण रामगढचे राजे काही वर्षांत काँग्रेसकडे गेले आणि बिहारातला पक्ष त्यांच्या मागे निघून गेला. भाडेकरूनं सामान उचललं की खोली रिकामी, तसं. गुजरातेत मात्र शेतकरी खरोखर जोडला गेला होता, हे मान्य करायला हवं.

आणि महाराष्ट्र? पक्षाचं अधिवेशन मुंबईत, सरचिटणीस मुंबईचे माजी महापौर, पण १९६२ला विधानसभेत शून्य, १९६७ला शून्य. मला त्याचं नवल वाटत नाही. १९५९मध्ये इथला माणूस संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर होता, हुतात्म्यांचं रक्त अजून ओलं होतं, आणि या पक्षाच्या व्यासपीठावर क. मा. मुन्शी बसलेले, ज्यांना मुंबई महाराष्ट्रात नको होती. शिवाय आपल्याकडे ‘सहकार’ म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यापुढे प्रवरानगरचा साखर कारखाना यायचा. सहकारी कारखाना वेगळा आणि सहकारी शेती वेगळी, हे त्याला मराठीत समजावून सांगायला हवं होतं. माझ्या ३४ पुस्तिकांमध्ये मराठी फक्त दोन आहेत, आणि त्यातली भाषा इंग्रजीवरून उतरवलेली वाटते. हे वाचताना मला खरंच वाईट वाटलं. ज्यांच्यासाठी लढायचं त्यांच्या भाषेत दोनच पुस्तिका!

१९७१चा भाग गठ्ठ्यात अगदी पातळ आहे. संघटना काँग्रेस (काँग्रेस फुटल्यावरचा इंदिराविरोधी गट), जनसंघ, संयुक्त समाजवादी पक्ष यांच्याबरोबर आघाडी, समोर इंदिराबाईंचं ‘गरिबी हटाव’, आणि ४४च्या ८ जागा. मसानींनी अध्यक्षपद सोडलं. १९७२च्या डिसेंबरात राजाजी गेले. पक्षाचेच नेते पिलू मोदींनी पक्ष सांभाळला आणि १९७४मध्ये तो उत्तर प्रदेशचे शेतकरी नेते चरणसिंगांबरोबर भारतीय लोकदलात मिसळला. तीन वर्षांनी लोकदल जनता पक्षात. स्वतंत्रची निशाणी होती तारा. १९७७ला वडिलांनी शिक्का मारला तो चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्यावर. घरी आल्यावर म्हणाले होते, "तारा दिसलाच नाही पत्रिकेवर." तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

आता ठेल्याच्या उण्या बाजू. पेटीला खालून ओल येते. माझ्या गठ्ठ्यातल्या सहा पुस्तिकांना कसर लागलीय. पावती मिळत नाही. गूगल पे चालतं, पण सुटे नेलेले बरे. काका दुपारी दोनच्या आधी पेटी उघडत नाहीत. घेणाऱ्यांनी एवढं मात्र ऐका: हे कागद साध्या झेरॉक्सवाल्याकडे देऊ नका. माझ्या घराजवळच्या एकानं पुस्तिका उलटी दाबून काचेवर ठेवली आणि जाहीरनाम्याचं मुखपृष्ठ मधोमध फाटलं. आता मी मोबाईलवर, उजेडात, एकेक पान हातानं धरून फोटो काढते. गंजलेल्या पिना काढून पांढऱ्या दोऱ्यानं शिवते.

परवा पुन्हा गेले होते. शेतकरी नेते शरद जोशींनी १९९४मध्ये काढलेल्या स्वतंत्र भारत पक्षाचं काही येतं का, विचारलं. त्यांच्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून ते या पक्षाच्या नावापर्यंतचा धागा मला याच गठ्ठ्याशेजारी ठेवायचाय. काकांनी नाव वहीत लिहून घेतलं. म्हणाले, पुण्याकडच्या एका घरातून पोती यायची आहेत, पण मृग लागायच्या आत या, पाऊस सुरू झाला की पेटी उघडत नाही.