लहान मुलाच्या घोट्याचा एमआरआय, आमचा अनुभव

मुलगा सात वर्षांचा. उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला वर्षभर टणक गाठ होती, दुखत नव्हती पण बूट घालताना टोचायची आणि पाऊल जरा तिरकं पडायचं. आधी दुसरीकडे एक्सरे काढला तर रिपोर्टमध्ये 'जुनं फ्रॅक्चर असावं' एवढंच, पोरगं कधी पडलेलंच नाही हो! मग हाडांच्या डॉक्टरांनी ट्रेव्हर डिसीजची (सांध्याजवळचं हाड एकाच बाजूने जास्त वाढण्याचा आजार) शंका काढली आणि या सेंटरला पाठवलं. दहा लाखांत एखाद्याला होतो म्हणे, ऐकूनच माझे हातपाय गार पडले.

इथल्या टेक्निशियन ताईंनी आधी त्याला मशीनचा ठकठक आवाज मोबाईलवर ऐकवला, पायाला दोन्हीकडून स्पंज लावले आणि अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावून मलाही आत बसू दिलं, मी त्याचा हात धरून होते, पाऊण तास हललाच नाही, भूल द्यावीच लागली नाही.

पण पाच स्टार आहेत ते रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांना. रिपोर्ट हातात टेकवून मोकळे नाही झाले, आत बोलावून एक्सरे आणि एमआरआय शेजारी शेजारी लावून दाखवले. एक्सरेत घोट्याजवळ हाडाचे तीन पांढरे ठिपके, सुटे सुटे. एमआरआयमध्ये बघितलं तर त्या तिन्हींभोवती कूर्चा (मऊ हाड, कार्टिलेज) आणि सगळा मिळून एकच गोळा, घोट्यातल्या टॅलस हाडाला चिकटलेला! कूर्चा एक्सरेत दिसतच नाही, म्हणून तिथे ते तुकडे वाटले. या आजारात सांध्यातल्या हाडाच्या टोकाची एकच बाजू जास्त वाढते, बहुतेकदा आतली, म्हणाले. कॅन्सर नाही, आईवडिलांकडूनही येत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं तेव्हा कुठे मला श्वास आला. त्याच पायात गुडघ्यालाही असू शकतं म्हणून तिथला एक्सरे करून घ्या असंही सुचवलं (केला, गुडघा नीट आहे). गोळा आणि मूळ हाड यांच्यामध्ये फट आहे का, सांध्याचा पृष्ठभाग किती वाकडा झालाय, हे रिपोर्टमध्ये नीट लिहिलंय, ऑपरेशन ठरवताना सर्जनला तेच लागतं.

अपॉइंटमेंट असूनही दीड तास बसवलं, लहान मुलं घेऊन आलेल्यांना तरी आधी घ्या प्लीज. पार्किंगही नाही.

जाताना जुने एक्सरे बरोबर न्या आणि फिल्मवर भागवू नका, सीडी मागून घ्या. आमच्या सर्जननी फिल्म बाजूला ठेवून सीडीच कॉम्प्युटरला लावली.