विदर्भातल्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी राहून शिकवणं: शाळेच्या अख्ख्या वर्षाचा अनुभव

स्वयंसेवक शिक्षक म्हणून खेड्यात जायचं ठरलं की बहुतेक जण शाळेची चौकशी करतात. आधी घराची करा. इथल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रानंतर, जूनअखेरीस उघडतात. तेव्हापासून एप्रिलपर्यंत शेतकरी कुटुंबात राहून माझं मत पक्कं झालंय. तालुक्याच्या गावी खोली घेऊन रोज ये-जा करण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण पोरं शाळेत का येत नाहीत हे घरीच कळतं.

सगळ्यात आधी पाणी. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. यूव्ही फिल्टरचाही उपयोग नाही, आरओ चालतो. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. ग्रामपंचायतीत तपासणीचा कागद मागा. लहानपणापासून तेच पाणी पिणाऱ्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसत असतील, तर कागद येईपर्यंतही थांबू नका.

पैशाचं पहिल्याच आठवड्यात ठरवा. "पैसे कायचे घ्याचे सर, घरचेच हा तुम्ही," असंच उत्तर येणार. रोख पुढे करू नका. महिन्याच्या पहिल्या बाजाराला काकूंना विचारून तेल, साखर, चहापत्ती भरा. कूलर लागला की विजेचं वाढीव बिल तुम्हीच द्या. घरातल्या पोरांची शिकवणी घेता म्हणून ते माफ धरू नका. जेवणाबद्दल तक्रारीला जागा नाही: ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, ठेचा. तिखट झेपत नसेल तर सरळ सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

कूलरबद्दल सविस्तर सांगतो, कारण त्यात जीव जातो. पाणी भरताना नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. जुन्या घरांत अर्थिंग नसतं, आणि स्विच चुकून न्यूट्रलच्या वायरवर बसवलेला असला तर तो बंद असूनही आत करंट राहतो. लोखंडी टाकीला ओला हात लागायचा अवकाश. बोअरच्या जड पाण्यानं ताट्यांमधलं गवत क्षार धरून कडक होतं. मग पाणी एकाच बाजूनं ओघळतं आणि हवा गरम येते. म्हणून मार्चमध्येच गवत बदला. समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली नुसती दमट होते. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून पुसा, डेंगीचे डास तिथेच वाढतात.

आता शिकवण्याचं. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी आधी बोला, गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लेखी घ्या. पाठांचं नियोजन मात्र शेतीच्या दिनदर्शिकेवर करा. पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला वर्ग भरत नाही, भरवायचा हट्टही करू नये. खरी ओढाताण सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून आई उजाडताच निघते आणि धाकट्याला सांभाळायला तिसरी-चौथीतली पोरगी घरी राहते. तिला रागावून काही होत नाही. धाकट्याला घेऊन ये म्हणावं, कोपऱ्यात सतरंजी टाकावी. नवा घटक या दिवसांत सुरू करू नका, उजळणी घ्या. बुडलेलं वाचन संध्याकाळी यजमानांच्या ओसरीवर भरून निघतं. मात्र शेतीपंपाची थ्री-फेज वीज रात्रीची असली की काकाजी ओलिताला शेतात जातात, त्या आठवड्यात ते संध्याकाळी लवकर जेवून झोपतात. तेव्हा वर्ग समाजमंदिरात हलवा.

साहित्यात सगळ्यात जास्त चाललं ते तुराट्यांचं, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचं. जानेवारीत तूर निघाली की बांधावर हव्या तितक्या मिळतात. सरळ तुराट्यांचे बोटभर लांबीचे १०० तुकडे करा, टोकं दगडावर घासा, नाहीतर कुसळं हाताला टोचतात. दहा-दहाचे गठ्ठे सुतळीनं बांधा. रबर नको, उन्हाळ्यात चिकट होऊन तुटतं. ३२ मधून १७ काढायचे तर पुढ्यात ३ गठ्ठे, २ सुट्या. दोनातून सात जात नाहीत हे पोरांनाच अडू द्या. मग एक गठ्ठा त्यांनीच सोडायचा: १२ सुट्या झाल्या, ७ काढल्या, ५ उरल्या; दोन गठ्ठ्यांतला एक काढला, एक उरला. हातचा का घेतात हे गाठ सोडताना कळतं, फळ्यावर कळत नाही. दहा गठ्ठ्यांची पेंडी बांधली की शतकही झालं. हे गठ्ठे नीट कोरडे ठेवा, ओलीला भुंगा लागतो.

उन्हाळ्यात सकाळपाळी सुरू झाली की पहिल्या दोन तासांत वाचन-गणित उरकून घ्या. परत निघण्याआधी प्रत्येक पोराचं एक पान करून मुख्याध्यापकांकडे द्या: अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद यांपैकी कुठवर वाचतो, वजाबाकीत कुठे अडतो, आणि वेचणीच्या दिवसांत घरी कोण असतं.