इव्हान्स की पीटरसन? जॅझ पियानोचा पहिला अल्बम निवडताना

वसंतराव देशपांडे सभागृहातली मैफल न चुकवणाऱ्या नागपूरकराला जॅझ पियानो ऐकावासा वाटला, तर मी दोन नावं सांगतो: बिल इव्हान्सचा ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ आणि ऑस्कर पीटरसनचा ‘नाइट ट्रेन’. दोन्ही स्टुडिओतले. दोन्हींत पियानो, बास आणि ड्रम्स एवढंच. जुन्या, गाजलेल्या चाली भरपूर आणि स्वतःच्या रचना मोजक्या.

‘नाइट ट्रेन’ १९६२ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झाला. ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकगीतांतून आलेली शैली) आणि जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या चाली, बहुतेक तुकडे छोटे. रे ब्राउनचा बास आणि एड थिगपेनचे ड्रम्स लय अशी पक्की धरतात की पीटरसन मनसोक्त ताना घेतो. पहिल्याच ऐकण्यात पाय ठेका धरतो. शेवटची ‘हिम टू फ्रीडम’ मात्र त्याची स्वतःची, अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीतून सुचलेली. चर्चमधल्या प्रार्थनेसारखी संथ सुरू होते आणि भरत भरत जाते. दीक्षाभूमीच्या गावात तिचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

‘पोर्ट्रेट इन जॅझ’ न्यूयॉर्कचा, २८ डिसेंबर १९५९ चा. बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. आधी ‘ऑटम लीव्ह्ज’ लावा. मूळ चाल वाजवून झाली की ठेका थांबतो. बास एक तुकडा टाकतो, पियानो तो उचलतो, अर्ध्यावर सोडतो, बास पुन्हा पुढे येतो. लय उघड कोणी वाजवत नाही, तरी दोघांनाही ती पक्की ठाऊक आहे. सवाल-जवाबाला सरावलेल्या कानाला इथली गंमत लगेच कळते. मग मोशनचे ब्रश (काठ्यांऐवजी ड्रमवर फिरवायचे तारांचे झुबके) येतात आणि सगळं वाहू लागतं. सीडीवर ही चाल दोनदा आहे. दोन्ही ऐका, विस्तार निराळा आहे. लाफारो १९६१ मध्ये, पंचविशीतच अपघातात गेला. या तिघांचे स्टुडिओतले अल्बम दोनच.

मे महिन्यात कूलर चालू असताना इव्हान्स लावू नका. ‘ब्लू इन ग्रीन’मधले हळुवार सूर त्या घरघरीत हरवतात. रात्री, हेडफोन लावून ऐका. पीटरसनचा ठसठशीत हात कूलरमधूनही ऐकू येतो, घरात चार माणसं बोलत असली तरी चालतं.

घरच्यांसोबत ऐकायचं असेल तर ‘नाइट ट्रेन’ घ्या. पण विलंबित ख्यालात रमणारे असाल, तर इव्हान्सच आधी. एकच ठेवायचा म्हटलं तर मीही तोच ठेवीन.