कास पठाराच्या सहलीचे 9,000 गेले. स्वारगेटला गाडी आलीच नाही

फुलांच्या फोटोंचं पेज, खाली व्हॉट्सॲप नंबर, 'पुणे ते कास, एक दिवस, नाश्ता-जेवण-पाससह माणशी 1,350'. आम्ही सहाजण, म्हणजे 8,100. आईला तेरडा आणि सीतेची आसवं ही तिथली फुलं एकदा डोळ्यांनी बघायची होती. पुढचं तुम्हाला माहीतच आहे: आधी 3,000 ॲडव्हान्स, मग पासचे वेगळे 900 ("वनखात्याने नियम बदलला ताई"), शुक्रवारी रात्री उरलेले 5,100. एकूण 9,000.

शनिवारी पहाटे 5 वाजता सगळे स्वारगेटला. 7 पर्यंत उभे होतो. फोन बंद. आई फुटपाथवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, एक शब्द बोलली नाही.

मी रोज हिशेब तपासते, अडाणी नाही. तीन पेमेंटना यूपीआयवर तीन वेगळी नावं आली आणि एकही ट्रॅव्हल्सचं नव्हतं! दुसऱ्यांदा मी विचारलंसुद्धा. "अकाउंटंट मॅडमचा नंबर आहे," व्हॉट्सॲपवरचा माणूस म्हणाला. माझा अंगठा पिनवर होता. तिथेच थांबायला हवं होतं, तो क्षण डोक्यातून जात नाही. पण पठारावर दिवसाला 3,000 लोकांनाच सोडतात, ही गोष्ट खरी आहे. "आत्ता नाही भरले तर रविवारही फुल्ल" हे त्याचं वाक्य म्हणूनच पटलं. त्यात सप्टेंबरअखेर, ऑफिसात मान वर करायला वेळ नव्हता.

पासही पाठवला होता. त्यावर नाव भलत्याचंच. "ग्रुपचा पास असाच येतो." असा येत नाही. पठाराचं बुकिंग कास पठार समितीच्या साइटवर स्वतः करा, गाडी वेगळी ठरवा.

आता पोलीस. चौकीत म्हणाले, 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. 1930 लागायला चाळीस मिनिटं गेली, आणि याच प्रकारात पहिला तास महत्त्वाचा असतो म्हणून सगळीकडे सांगतात! परत चौकीत गेले तर, "तुम्ही कोथरूडच्या ना? मग तिकडे द्या." कोथरूडला, "घटना स्वारगेटची." 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या कायद्यात हद्द न बघता गुन्हा नोंदवायची तरतूद आहे, हे मी तिथे उभं राहून मोबाईलवर दाखवलं. साहेबांनी फोन हातातही घेतला नाही. "नऊ हजारच ना ताई?" नऊ हजारच! माझ्या आईची ती दीड महिन्याची पेन्शन आहे. बँकेचं उत्तर एका ओळीचं: व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. ऑनलाइन तक्रारीचा नंबर मिळाला, तेवीस दिवस झाले, पुढे काही नाही.

चॅट डिलीट करू नका, व्यवहाराचा यूटीआर नंबर (प्रत्येक पेमेंटचा वेगळा ओळख क्रमांक) लिहून ठेवा. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन आदल्या दिवशी मिळत नसेल तर उरलेले पैसे गाडीत बसल्यावरच द्या.

तो नंबर अजून चालू आहे. डीपीवर आता कास नाही, पवना तलाव आहे: तंबूत एक रात्र, माणशी 999.