ओपनबीएसडीवर सर्व्हरचे नेटवर्क: मांडणी, तपासणी आणि काही तक्रारी

छोट्या कार्यालयासाठी राउटर, फायरवॉल आणि एकदोन सेवा चालवणारा सर्व्हर एकाच यंत्रावर उभा करायचा असेल, तर आपल्याकडे बहुतेक जण उबुंटू किंवा डेबियन ही लिनक्सची वितरणे घेतात, आणि ब्राउझरमधून सगळे करायची सवय असलेले पीएफसेन्स या तयार फायरवॉल प्रणालीकडे वळतात. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव या चर्चेत क्वचित निघते. वास्तविक दूरच्या सर्व्हरवर जाण्यासाठी जगभर वापरले जाणारे ओपनएसएसएच याच प्रकल्पाने १९९९ मध्ये दिले, आणि पीएफसेन्स ज्या पीएफ नावाच्या फायरवॉलवर उभे आहे ती फायरवॉलही २००१ मध्ये इथेच जन्मली. थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडीपासून वेगळे होऊन सुरू केलेली ही प्रणाली नेटवर्कच्या कामात कशी आहे, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. डेस्कटॉप म्हणून ती कशी चालते, हा इथला विषय नाही.

स्थापना पूर्णपणे मजकुरातून होते. प्रश्न विचारला जातो, चौकटी कंसात सुचवलेले उत्तर दिसते आणि पसंत असेल तर एंटर दाबायचे. यंत्राचे नाव, कोणते नेटवर्क कार्ड बसवायचे, पत्ता आपोआप घ्यायचा की हाताने द्यायचा, एसएसएच चालू ठेवायचे का, सर्वाधिकार असलेल्या मूळ वापरकर्त्याला बाहेरून प्रवेश द्यायचा का (सुचवलेले उत्तर ‘नाही’, आणि ते तसेच ठेवावे), असा हा क्रम आहे. साध्या यंत्रावर हे काम चहा गार होण्याच्या आत संपते. मला त्यातली महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे: इंस्टॉलर तुमची उत्तरे ज्या फाइलींत लिहितो, त्याच फाइली प्रणाली पुढे कायम वाचते. स्थापनेची एक भाषा आणि वापराची दुसरी, असा प्रकार इथे नाही.

आपल्याकडच्या परिस्थितीत इथे एक अडचण येते. अनेक स्थानिक ब्रॉडबँड जोडण्या वापरकर्तानाव व पासवर्ड मागणाऱ्या पीपीपीओई पद्धतीच्या असतात. इंस्टॉलर साधे कार्ड आणि व्हीलॅन (एकाच तारेवरचे वेगळे आभासी नेटवर्क) जोडून देतो, पीपीपीओई मात्र जोडून देत नाही. त्यामुळे प्रणालीचे बाकीचे संच इंटरनेटवरून उतरवू या हिशेबाने छोटी प्रतिमा (स्थापनेची फाइल) घेतली आणि ओपनबीएसडीचे यंत्र थेट सेवादात्याच्या तारेला लावले, तर काम तिथेच अडते. सगळे संच पोटात असलेली मोठी प्रतिमाच पेनड्राइव्हवर घ्यावी. वायफायवर विसंबून तर मुळीच राहू नये. परवान्यांच्या अटींमुळे अनेक वायफाय चिपांचे फर्मवेअर (चिप चालवणारी आज्ञावली) प्रतिमेत नसते, ते नंतर इंटरनेटवरूनच येते.

आता मुख्य गुणाकडे येतो. प्रत्येक नेटवर्क जोडणीची एकच छोटी फाइल असते. इंटेलचे पहिले गिगाबिट कार्ड ईएम० म्हणून ओळखले गेले असेल, तर तिचे नाव ‘/इटीसी/होस्टनेम.ईएम०’. आत पत्ता आपोआप घ्यायचा असेल तर ‘आयनेट ऑटोकॉन्फ’ एवढी एक ओळ. ठरावीक पत्ता असेल तर पत्ता आणि मास्क. बाहेर जाणारा मुख्य मार्ग ‘मायगेट’ या फाइलीत आणि यंत्राचे नाव ‘मायनेम’ या फाइलीत राहते. या ओळी म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपण हाताने दिला असता तोच इफकॉन्फिग या आदेशाचा मजकूर असतो. व्हीलॅन, ब्रिज, पीपीपीओई, वायरगार्ड (सुरक्षित बोगदा, म्हणजे व्हीपीएन) या सगळ्यांसाठी तोच आदेश आणि तीच पद्धत चालते. लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांत नेटप्लॅन, नेटवर्कमॅनेजर, सिस्टिमडी-नेटवर्कडी आणि जुने इंटरफेसेस यांपैकी नेमका कारभार कोणाच्या हाती आहे, हे शोधण्यात ज्यांचा वेळ गेला आहे, त्यांना या साधेपणाची किंमत कळेल. फाइल बदलल्यावर ‘नेटस्टार्ट’ ही शेल लिपी त्या जोडणीच्या नावासह चालवली की बदल लागू होतो, आणि तिला ‘-एन’ हा पर्याय दिला तर ती काहीही न बदलता फक्त कोणते आदेश चालवले जातील ते छापून दाखवते. मात्र नेटस्टार्ट जुने पुसत नाही. फाइलीतून काढून टाकलेला जादा पत्ता कार्डावर तसाच राहतो. तो हाताने काढावा लागतो, नाहीतर तो पुढच्या रीबूटपर्यंत रेंगाळतो आणि तपास करणाऱ्याला भलतीकडे नेतो.

नावांच्या निराकरणाची (डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याची) फाइल कोण लिहितो, हा सर्व्हरवरचा जुना तंटा. २०२१ च्या ७.० आवृत्तीपासून डीएचसीपीलीज्ड आणि रिझॉल्व्हडी या दोन छोट्या सेवा ते काम पाहतात. त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे ती ओळ रिझॉल्व्हडीने कोणत्या जोडणीवरून घेतली याची टीप असते, आणि तुम्ही हाताने लिहिलेल्या ओळींना ते हात लावत नाहीत. एवढी साधी शिस्त इतरांना का जमू नये, असा प्रश्न पडतो.

पीपीपीओईच्या मांडणीत दोन फाइली लागतात, आणि पहिली विसरली जाते. ज्या खऱ्या कार्डावरून सत्र जाणार, त्या कार्डाच्या फाइलीत ‘अप’ एवढा एकच शब्द हवा. तो नसेल तर कार्ड झोपलेले राहते आणि दुसरी फाइल कितीही अचूक असली तरी उपयोग होत नाही. दुसऱ्या फाइलीत कार्डाचे नाव, ओळख पटवण्याची पद्धत, वापरकर्तानाव, पासवर्ड आणि मुख्य मार्ग जोडणारी ओळ येते. मॅन पानात (प्रणालीसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेत) हा संपूर्ण नमुना दिलेला आहे, आणि तो जसाच्या तसा चालतो. ओपनबीएसडीची मॅन पाने हा तिचा दुसरा मोठा गुण म्हणावा लागेल: प्रणालीची आवृत्ती आणि पानाची आवृत्ती एकच असते. त्यामुळे इंटरनेटवर शोधून सापडलेल्या दहा वर्षांपूर्वीच्या उत्तरापेक्षा समोरचे पान नेहमी अधिक विश्वासार्ह ठरते. पीएफची भाषा २०१० च्या ४.७ आवृत्तीत बरीच बदलली, तरी जुन्या भाषेतले नमुने अजून सर्वत्र फिरत आहेत; नवशिक्यांच्या निम्म्या चुका तिथूनच येत असाव्यात असा माझा समज आहे.

जोडणी लागत नसेल तर इफकॉन्फिगचे उत्तरच पुरेसे बोलके असते. ‘नो कॅरियर’ दिसले तर तार, कनेक्टर किंवा पलीकडचे उपकरण पाहावे. आज्ञावलीत शोधून काही हाती लागणार नाही. पीपीपीओईची अवस्था ‘पीएडीआय सेंट’ वर अडकली असेल तर आपली हाक जाते आहे आणि पलीकडून कोणी ओ देत नाही, असा अर्थ. अशा वेळी सेवादाता व्हीलॅन क्रमांक मागतो का, किंवा त्याने जुन्या राउटरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता) बांधून ठेवला आहे का, हे विचारावे. दुसरी शक्यता आपल्याकडे वारंवार आढळते. त्यावर उपायही आहे: कार्डाच्या फाइलीत ‘एललॅडर’ लिहून जुना मॅक पत्ता देता येतो. अवस्था ‘सेशन’ झाली पण पत्ता मिळाला नाही, तर बहुधा पासवर्ड किंवा ओळख पटवण्याची पद्धत चुकलेली असते.

याच्या पुढचा दोष अधिक फसवा आहे. पिंग जाते, एसएसएच लागते, काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्ध्यावर थांबतात. लोक इथे डीएनएसला दोष देतात. खरे कारण असे की पीपीपीओई प्रत्येक चौकटीतले ८ बाइट स्वतःसाठी घेते, म्हणून १५०० ऐवजी १४९२ बाइटचेच पॅकेट जाऊ शकते. मोठे पॅकेट आले की ‘लहान करून पाठवा’ हा निरोप मूळ सर्व्हरपर्यंत पोहोचायला हवा, आणि वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने तो निरोपच अडवला की मोठी पॅकेटे मुकाट्याने हरवतात. पीएफमध्ये ‘मॅच’ नियमात ‘मॅक्स-एमएसएस’ची (एका पॅकेटातल्या मजकुराच्या कमाल आकाराची) मर्यादा घातली की प्रश्न मिटतो; १४९२ मधून आयपी आणि टीसीपी यांच्या शीर्षांचे ४० बाइट वजा केले की आयपीव्ही४ साठी १४५२ उरतात, आणि आयपीव्ही६ साठी आणखी २० कमी. ही एक ओळ न लिहिल्यामुळे चांगली प्रणाली ‘नेट स्लो आहे’ या शेऱ्यासह काढून टाकली गेल्याचे मी पाहिले आहे.

पीएफविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. तिचे नियम इंग्रजी वाक्यासारखे वाचता येतात, आणि लिनक्सच्या आयपीटेबल्स या फायरवॉलच्या साखळ्यांतून आलेल्या माणसाला पहिल्यांदा ते अपुरे वाटतात. घोळ होतो तो क्रमाचा: पॅकेटाशी जुळणारा शेवटचा नियम लागू होतो, पहिला नव्हे. घरच्या बैठकीत सगळ्यांचे बोलून झाल्यावर आजोबा जे म्हणतील तेच ठरते, तसे हे आहे. ‘क्विक’ हा शब्द लावला तरच मधल्या नियमाला अंतिम शब्द मिळतो. नियम लागू करण्याआधी पीएफसीटीएल या आदेशाला ‘-एनएफ’ देऊन फाइल तपासून घेता येते, आणि फाइलीत चूक असेल तर जुने नियम तसेच लागू राहतात. अर्धवट लागलेली फायरवॉल ही अवस्था इथे येत नाही.

तरीही दूरवरच्या सर्व्हरवर नियम बदलताना एक सापळा आहे. पीएफ चालू संवादांची नोंद ठेवते आणि नवे नियम आल्यावरही ती नोंद पुसत नाही. म्हणून एसएसएचचा मार्ग बंद करणारा नियम लागू झाला तरी तुमची उघडी खिडकी चालतच राहते, आणि सगळे ठीक आहे असे वाटते. बदल केल्यावर जुनी खिडकी न मिटता दुसरी नवी जोडणी लावून पाहावी. तीच खरी परीक्षा. त्याहून सावध माणसाने काही मिनिटांनी पीएफ बंद करणारा आदेश आधीच मागे लावून ठेवावा आणि सारे जमल्यावर तो रद्द करावा.

पॅकेट नेमके कुठे अडते हे शोधण्याची सोय मला या प्रणालीत सर्वांत आवडली. नियमात ‘लॉग’ शब्द घातला की अडवलेली पॅकेटे ‘पीएफलॉग०’ या आभासी जोडणीवर येतात, आणि तिच्यावर पॅकेटे छापून दाखवणारा टीसीपीडंप लावला की पॅकेट कोणत्या क्रमांकाच्या नियमाने, कोणत्या कार्डावर, आत येताना की बाहेर जाताना अडले हे त्याच क्षणी दिसते. अंदाज करण्याची गरजच उरत नाही. आतले यंत्र बाहेर जात नसेल आणि पीएफलॉगवर काहीच दिसत नसेल, तर ‘आयपी फॉरवर्डिंग’ (एका कार्डावरचे पॅकेट दुसऱ्यावर पुढे पाठवणे) चालू आहे का ते पाहावे. मुळात ते बंद असते, आणि ‘सिसकंट्रोल’च्या फाइलीत ‘१’ लिहून ते चालू करावे लागते. आयपीव्ही६ चा खटका वेगळा आहे.

बाहेरून आत येणारा मार्ग उघडूनही कोणी पोहोचत नसेल, तर नियमांत डोके घालण्याआधी आपल्याला मिळालेला पत्ता वाचावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर सेवादाता अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतो आहे, आणि पीएफमध्ये कितीही सुंदर नियम लिहिले तरी बाहेरचे पॅकेट तुमच्यापर्यंत येणारच नाही. अशा ठिकाणी भाड्याच्या एखाद्या छोट्या सर्व्हरपर्यंत वायरगार्डचा बोगदा नेणे हा व्यवहार्य मार्ग. २०२० च्या ६.८ आवृत्तीपासून वायरगार्ड कर्नेलमध्येच आहे, वेगळे पॅकेज लागत नाही, आणि त्याची मांडणीही पुन्हा त्याच होस्टनेम फाइलीत होते. आतल्या बाजूने ठरावीक काळाने ‘कीपअलाइव्ह’ (जोडणी जिवंत ठेवणारे छोटे पॅकेट) पाठवायला विसरू नये. नाहीतर सेवादात्याकडची नोंद मिटते आणि बोगदा दिवसा चालतो, रात्री शांत पडतो.

आता तक्रारी. पहिली विजेची. ओपनबीएसडीच्या फाइल व्यवस्थेला जर्नलिंग (डिस्कवरच्या बदलांची आधी नोंद ठेवण्याची सोय) नाही. वीज अचानक गेली की पुढच्या वेळी डिस्कची पूर्ण तपासणी होते, आणि कधीकधी प्रणाली एका वापरकर्त्याच्या (सिंगल-यूजर) दुरुस्तीच्या अवस्थेत थांबून कोणीतरी समोर बसून उत्तर देण्याची वाट पाहते. ज्या तालुक्यात दर आठवड्याला लोडशेडिंग किंवा देखभालीची बंदी असते, तिथे बंद खोलीतल्या राउटरने असे थांबणे परवडत नाही. यूपीएस हवाच, आणि शक्य असेल तर सिरियल कन्सोलही (तारेने यंत्राशी थेट बोलण्याची सोय). लिनक्सच्या एक्सटी४ या फाइल व्यवस्थेची सवय असलेल्यांना ही उणीव खुपेल, आणि ती खुपायलाच हवी.

दुसरी तक्रार वेगाची. नेटवर्कचा बराच भाग दीर्घकाळ एका मोठ्या कुलुपामागे (एका वेळी प्रोसेसरच्या एकाच कोराला काम करू देणाऱ्या) चालत होता; अलीकडच्या आवृत्त्यांत ते काम अनेक कोरांवर वाटण्याची प्रगती झाली आहे. कार्यालयाच्या काहीशे मेगाबिटांच्या जोडणीला जुना डेस्कटॉपही पुरतो. दहा गिगाबिटांचा प्रवाह सतत वाहणार असेल, तर मी फ्रीबीएसडी किंवा लिनक्स घेईन. यंत्र निवडताना इंटेलची कार्डे घ्यावीत. स्वस्त यूएसबी कार्डांवर राउटर उभा करणे हा त्रास स्वतःहून ओढवून घेणे आहे.

तिसरी गोष्ट तक्रार की शिस्त, हे वापरणाऱ्याने ठरवावे. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना दुरुस्त्या मिळतात, म्हणजे वर्षाहून अधिक काळ हात न लावता ठेवलेला सर्व्हर उघड्यावर पडतो. पाच वर्षे विसरून जायचे असेल त्याने ही प्रणाली घेऊ नये. दुरुस्त्या ‘सिसपॅच’ने आणि नवी आवृत्ती ‘सिसअपग्रेड’ने येते, दुसरा आदेश २०१९ च्या ६.६ पासून आहे आणि तो प्रतिमा उतरवून, यंत्र रीबूट करून, नवी प्रणाली बसवून पुन्हा चालू करून देतो. मात्र त्याआधी त्या आवृत्तीचे अपग्रेडचे पान शेवटपर्यंत वाचावे, कारण फाइलींच्या भाषेतले बदल तिथेच सांगितलेले असतात, आणि हे काम यंत्राला कन्सोल लावलेला असतानाच करावे.