पैसे आले, पण कोणाच्या नावाने? जुन्या वस्तू विकतानाचा ११ महिन्यांचा अनुभव

मागच्या मे महिन्यात आम्ही मोठं घर सोडून लहान घरात आलो. तेव्हापासून आजपर्यंत मी २३ जुन्या वस्तू ऑनलाइन जाहिरात टाकून विकल्या: वॉशिंग मशीन, दिवाण, मुलीची सायकल, दोन कपाटं, पुस्तकांचे गठ्ठे, कॅमेरा. एकही वस्तू भंगारात घातली नाही याचं मला समाधान आहे. पैसे यूपीआयने घेतले, रोख घेतले, एनईएफटीने घेतले, एकदा चेकनेही घेतले. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवून वस्तू द्यायची नाही, हे तुम्हाला माहीत असणार, म्हणून त्यावर थोडक्यातच लिहिते. मला फटका बसला तो खऱ्याखुऱ्या, माझ्या खात्यात व्यवस्थित जमा झालेल्या १४,५०० रुपयांमुळे.

आधी किरकोळ गोष्टी संपवते. जुलैमध्ये वॉशिंग मशीनची जाहिरात टाकल्यावर अर्ध्या तासात फोन आला. "ताई, मी सैन्यात आहे, बदली झालीय, मशीन न बघताच घेतो." लगेच माझ्या मोबाइलवर २,००० रुपयांची कलेक्ट रिक्वेस्ट आली आणि तो म्हणाला, "मंजूर करा, पैसे जमा होतील." रिक्वेस्ट मंजूर केली की पैसे आपल्या खात्यातून जातात, येत नाहीत. मी फोन ठेवला. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी रिक्वेस्ट पाठवण्याची सोय एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केली, हे फार चांगलं झालं. पण ठगांनी वाट बदलली आहे. आता क्यूआर कोडचा फोटो पाठवतात आणि "पैसे घ्यायला हा स्कॅन करा" म्हणतात. स्कॅन पैसे देणाऱ्याने करायचा असतो. घेणाऱ्याने फक्त आपला कोड दाखवायचा.

दुसरा प्रसंग दिवाणाचा. दोघं टेम्पो घेऊन आले, पैसे पाठवले म्हणाले आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. हिरवा गोल, त्यात पांढरी बरोबरची खूण, माझं नाव, बरोबर रक्कम, वर 'टुंग' असा आवाजसुद्धा. माझ्या बँकेच्या ॲपमध्ये मात्र शिल्लक जशीच्या तशी होती. मी म्हटलं, "दादा, जमा झाल्यावर दिवाण उचला, तोवर चहा घ्या." चहा न घेताच ते गेले, टेम्पो रिकामाच. हुबेहूब तसा पडदा दाखवणारी नकली ॲप असतात. म्हणून समोरच्याच्या मोबाइलकडे मी आता बघतच नाही. एसएमएसवरही विसंबत नाही, कारण बँकेसारखा दिसणारा मेसेज कोणीही पाठवू शकतं. शिवाय माझी बँक लहान रकमा जमा झाल्याचे मेसेज पाठवत नाही. आपलं ॲप आपल्या हाताने उघडायचं आणि शिल्लक बघायची, एवढंच.

आता कॅमेऱ्याकडे येते.

सप्टेंबरमध्ये एक तरुण मुलगा कॅमेरा बघायला आला. अतिशय नम्र. काकू काकू म्हणत त्याने लेन्स नीट तपासली, दोन फोटो काढून बघितले, थोडी घासाघीस केली. १४,५०० ठरले. पैसे देताना म्हणाला, "माझी आजची लिमिट संपलीय, मित्र पाठवतोय." मला त्यात वावगं वाटलं नाही. नव्याने यूपीआय सुरू केलं की पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांचीच मर्यादा असते, नेहमीच्या व्यवहारांनाही दिवसाला १ लाखाची असते, हे मला ठाऊक होतं. दोन मिनिटांत पैसे जमा झाले. मी ॲप उघडून शिल्लक बघितली, मगच कॅमेरा दिला. म्हणजे सगळं नियमाने केलं. फक्त पाठवणाऱ्याचं नाव वाचलं नाही.

पाच आठवड्यांनी औषधांच्या दुकानात माझं कार्ड नाकारलं गेलं. यूपीआयही चालेना. सासूबाईंची रक्तदाबाची औषधं काउंटरवर पिशवीत भरून तयार, मागे रांग, आणि खात्यात महिन्याचा पूर्ण पगार असून माझ्याकडे द्यायला पैसे नाहीत. दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. लाल अक्षरांत 'डेबिट फ्रीझ', म्हणजे खात्यातून पैसे काढायला बंदी, खाली एक लांबलचक तक्रार क्रमांक आणि दुसऱ्याच राज्यातल्या एका सायबर पोलीस ठाण्याचं नाव. "मॅडम, तुमच्या खात्यात आलेली १४,५०० ची रक्कम फसवणुकीची आहे."

झालं होतं असं. कुठल्यातरी माणसाची ऑनलाइन फसवणूक झाली. त्याने १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, तक्रार केली. तक्रार नोंदली की पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढे सरकले त्या खात्यांचा बँका माग काढतात आणि तिथली रक्कम धरून ठेवतात. माझ्या कॅमेऱ्याचे पैसे त्याच साखळीतले होते. चोराला चोरीच्या पैशातून माल घ्यायचा होता आणि त्यासाठी मी सापडले. त्या अनोळखी माणसावर माझा अजिबात राग नाही. त्याने लगेच १९३० ला फोन केला ते योग्यच केलं, आणि तुमच्याबाबतीत कधी असं झालं तर तुम्हीही पहिल्या तासातच करा. राग आहे तो १४,५०० साठी माझं संपूर्ण खातं बंद ठेवल्याचा. रक्कम धरायची तर तेवढी धरा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच म्हटलं होतं की, वादातल्या रकमेपुरतंच खातं गोठवावं. बँकेतल्या कोणालाही हे सांगितलं की उत्तर एकच: "आम्हाला पोलिसांकडून पत्र लागेल."

५३ दिवस लागले. त्या दिवसांत मी काय काय पाठवलं ते सांगते, कारण कोणावर ही वेळ आली तर उपयोगी पडेल. कॅमेऱ्याचं मूळ बिल, त्यावरचा सीरियल क्रमांक, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, त्या मुलाशी झालेलं सगळं चॅट तारखेसह, त्याचा मोबाइल नंबर, आणि खातेउताऱ्याचं त्या दिवसाचं पान. हे सगळं तक्रार क्रमांक लिहून त्या पोलीस ठाण्याला ईमेल केलं आणि त्याची प्रत बँकेला दिली. तपास अधिकाऱ्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही वस्तू खरोखर दिली याचा पुरावा काय?" बिलावरचा सीरियल क्रमांक आणि चॅटमधलं "काकू कॅमेरा मस्त चालतोय" हे वाक्य, या दोन गोष्टींनी माझी बाजू उभी राहिली. खातं सुरू झालं. १४,५०० मात्र आजही धरलेलेच आहेत. कॅमेरा गेला, पैसेही हातात नाहीत.

यानंतर तीन महिने मी फक्त रोख घेतली. हा अनुभव मी जानेवारीत लिहायला घेतला होता आणि त्यात "रोखीसारखं सुरक्षित काही नाही" असं ठामपणे लिहिलं होतं. ते आता बदलते आहे. कपाटाचे ९,००० रुपये, पाचशेच्या १८ नोटा, मी बँकेत भरायला गेले आणि त्यातली एक खोटी निघाली. रोखपालांनी तिच्यावर शिक्का मारला, पावती दिली आणि नोट ठेवून घेतली. नियमच तसा आहे: खोटी नोट परत मिळत नाही आणि तिचे पैसेही जमा होत नाहीत. एका व्यवहारात पाच किंवा जास्त खोट्या नोटा निघाल्या तर थेट पोलिसांत गुन्हा नोंदवला जातो. माझी एकच होती हे नशीब. आता पाचशेची नोट घेताना मी ती तिरकी करून बघते. सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो, उजवीकडे खाली असलेला ५०० चा आकडाही तसाच रंग बदलतो, आणि दोन्ही कडांना पाच पाच उठावाच्या रेघा बोटाला लागतात. पण संध्याकाळी जिन्याच्या पिवळ्या दिव्यात, समोर माणूस घाईत उभा असताना १८ नोटा अशा तपासणं जमत नाही. मला तरी जमलं नाही.

म्हणून मोठी रोख असेल तर मी ग्राहकाला बँकेच्या कॅश डिपॉझिट मशीनपाशी बोलावते. नोटा तिथेच माझ्या खात्यात भरायच्या. संशयास्पद नोट मशीन घेत नाही, आणि घेतलेल्या रकमेची पावती लगेच हातात येते. नोटा खिशात घेऊन घरी यायचा घोरही नाही. दोन जणांनी कंटाळा केला, बाकीच्यांना पटलं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम मात्र एका व्यवहारात रोख घेताच येत नाही, प्राप्तिकर कायदा आड येतो. जुनी गाडी विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

चेकबद्दल एकच: वटेपर्यंत वस्तू द्यायची नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग वटवले जातात, त्यामुळे पूर्वीइतकी वाट बघावी लागत नाही, पण थांबायचं हे आलंच.

आता त्या नावाबद्दल, ज्याच्यामुळे मी हे सगळं लिहिते आहे. बँकेच्या खातेउताऱ्यात यूपीआयने जमा झालेल्या प्रत्येक रकमेसमोर एक लांब ओळ असते. यूपीआय, मग सीआर (म्हणजे जमा), मग बारा आकडी संदर्भ क्रमांक, मग पाठवणाऱ्याचं नाव, त्याची बँक, त्याचा यूपीआय आयडी, आणि शेवटी टीप. बहुतेक वेळा नाव अर्धवट कापलेलं असतं, पण ओळखू येतं. मी आयुष्यभर या ओळीतली फक्त रक्कम बघत आले. आता नाव आधी बघते. बोलणी झाली की विचारते, "तुमच्या बँक खात्यावर नाव काय आहे?" मग वस्तू द्यायच्या आधी त्यांना एक रुपया पाठवायला सांगते. नाव जुळलं तर उरलेले पाठवा. मित्राचं, मेहुण्याचं, दुकानातल्या पोऱ्याचं खातं असेल तर व्यवहार नाही. वाईट दिसतं, कबूल आहे. एका बाईंना राग आला, त्यांचे यजमान पैसे पाठवणार होते. मी त्यांना म्हटलं, यजमानांनाच घ्यायला येऊ द्या. ते आले, ओळखपत्र दाखवलं, नाव जुळलं, सायकल घेऊन गेले. जाताना म्हणाले, "बरोबर करताय तुम्ही."

यातच "चुकून जास्त पाठवले, उरलेले या दुसऱ्या नंबरवर परत करा" हा प्रकारही येतो. आधी आलेली रक्कम खरी जमा झालीय का ते बघा, आणि झाली असेल तरी दुसऱ्या नंबरवर एक पैसाही पाठवू नका. तसं केलं तर चोरीचा पैसा पुढे ढकलणारी कडी आपणच होतो, आणि मग पोलिसांना समजावून सांगणं कितीतरी अवघड जातं. त्यांना त्यांच्या बँकेत अर्ज करायला सांगा, आपण आपल्या बँकेला कळवा.

एक सोय मात्र मला मनापासून आवडली. क्यूआर कोड तयार करताना ॲपमध्ये रक्कम आणि टीप भरता येते. मी टीपेत वस्तूचं नाव लिहिते: 'जुनं कपाट', 'शिलाई मशीन'. माझ्या बँकेच्या उताऱ्यात ती टीप जशीच्या तशी उमटते. कॅमेऱ्याच्या वेळी हे केलं असतं तर पैसे कशाचे ते त्या ओळीतच दिसलं असतं. शिवाय रक्कम आधीच भरलेली असल्याने आयत्या वेळी "पाचशे कमी टाकले, चालेल ना?" हेही होत नाही.

आणि विक्रीसाठी खातं वेगळं ठेवलं आहे. माझं एक जुनं बचत खातं होतं, किमान शिल्लक न लागणारं, जवळजवळ विसरलेलं. केवायसी करून ते चालू केलं आणि पैसे घ्यायच्या यूपीआय आयडीला तेवढंच जोडलं. आयडीत माझा मोबाइल नंबरही ठेवला नाही, ॲपमध्ये वेगळा आयडी बनवता येतो. सुरुवातीला मी आलेले पैसे त्याच दिवशी पगाराच्या खात्यात वळवत होते. बँकेतल्या त्याच अधिकाऱ्यांनी थांबवलं. "मॅडम, वळवलेत की साखळी तिकडेही पोचते." आता विक्रीचे पैसे दीड-दोन महिने तिथेच राहू देते. व्याज बचत खात्याचं, म्हणजे नावापुरतं. पैसा असा पडून ठेवणं माझ्या स्वभावात नाही, दर वेळी जिवावर येतं, पण औषधांच्या दुकानातली ती पिशवी आठवते.

मागच्या शनिवारी शिलाई मशीन विकलं, ६,२०० ला. घ्यायला आलेल्या ताई म्हणाल्या, भाऊ पैसे पाठवतोय. मी एक रुपयाचं सांगितलं, नाव भावाचं आलं. मी तो रुपया त्याच आयडीवर परत केला आणि म्हटलं, "तुमच्या नावाने पाठवा, मशीन दोन दिवस राखून ठेवते." सोमवारी सकाळी त्या आल्या, स्वतःच्या खात्यातून पाठवले, उताऱ्यात त्यांचं नाव आणि 'शिलाई मशीन' दोन्ही नीट आलं. मशीनची पेटी दोघींनी मिळून खाली उतरवली.