उद्देशिकेचे वाचन की शालेय निवडणूक?

पाचवी-सहावीच्या मुलांना शासन आणि हक्क यांची ओळख करून देण्याचे दोन मार्ग महाराष्ट्रातील शाळांना परिचित आहेत : परिपाठात संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन आणि शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक. वाचनाला वेळ थोडा लागतो. परंतु अर्थ उलगडून सांगितला नाही, तर न्याय, स्वातंत्र्य, बंधुता हे शब्द केवळ पाठ होतात. निवडणुकीत मात्र अर्ज भरणे, प्रचार, गुप्त मतदान आणि सर्वांसमोर मतमोजणी हे सारे मुले स्वतः करतात, म्हणून शासन कसे घडते हे समजावण्यास मला तीच सरस वाटते.

तरीही तिच्यात एक गंभीर उणीव आहे. पोषण आहाराच्या पंगतीत एखाद्या मुलाला जातीवरून वेगळे बसवायचे असे वर्गाने बहुमताने ठरवले, तरी तो निर्णय वैध ठरत नाही, कारण संविधानाच्या अनुच्छेद १७ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. तसेच ६ ते १४ वयोगटातील मुलांचा शिक्षणाचा हक्क कोणाच्याही मतावर अवलंबून नाही. बहुमताची ही मर्यादा मतपेटी शिकवत नाही. म्हणून निवडणूक आधी घ्यावी आणि नव्या मंत्रिमंडळाने केलेला पहिलाच नियम मुलांकडून उद्देशिकेतील ‘दर्जाची व संधीची समानता’ या शब्दांशी ताडून घ्यावा.